पंधरा जूनच्या आधी

“पाया पड,” मी अक्षताला म्हणाले.

“मॅडम, नको. ते कुणाशी बोलत नाहीत.”

“तुला बोल कुठं म्हणाले मी? वाक आणि पाया पड. थोरामोठ्यांच्या पाया पडायला कुठल्या देशात बंदी आहे?”

पुण्यातल्या त्या तलावाच्या पायऱ्यांवर, वरून तिसऱ्या रांगेत, तो गोरा उंच माणूस एकटाच बसला होता. गळ्यात दोन स्टॉपवॉच, मांडीवर वही आणि निळ्या टी-शर्टवर अमेरिकेतल्या एका कॉलेजचं नाव. ते नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. त्याच्यासमोर आम्ही दोघी उभ्या. मी ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. आणि पंधरा वर्षांची अक्षता मगदूम, अंगाभोवती टॉवेल गुंडाळलेला, केसांतून पाणी निथळतंय, जानेवारीच्या वाऱ्यानं दात वाजतायत. शंभर मीटर बॅकस्ट्रोकमध्ये तिसरी येऊन तिला दहा मिनिटंही झाली नव्हती.

ती वाकली. त्या माणसानं पायाखाली विंचू दिसावा तसे दोन्ही पाय वरच्या पायरीवर ओढून घेतले आणि हात वर केले. “नो, नो, प्लीज,” एवढंच म्हणाला.

माझं डोकं सणकलं. ते मुळात सणकायला फार वेळ घेत नाही. इचलकरंजीत मला ‘शिट्टी मॅडम’ म्हणायचे ते काही प्रेमानं नव्हे. मुलींच्या शाळेत मी पी.टी. शिकवायचे आणि पहाटे गावातल्या क्रीडा मंडळाच्या तलावावर पोरांना पोहायला. त्या तलावानं माझ्या हातून बावीस वर्षांत चांगल्या अकरा मुली पाहिल्या. अकराच्या अकरा बारावी झाल्या की पोहायच्या थांबल्या. कुणाचं लग्न झालं, कुणी कॉलेजला गेली, कुणाच्या आईला पोरीच्या रुंद होणाऱ्या खांद्यांची काळजी वाटायला लागली. मी स्वतःही सतराव्या वर्षीच थांबले होते, राज्यात दुसरी आलेली असताना. त्याचं दुःख मला अजून होतं. लपवत नाही.

या अकरांनंतर अक्षता ही बारावी मुलगी. तिनं थांबू नये म्हणून आम्ही जंग जंग पछाडत होतो. अमेरिकेत कॉलेजं चांगल्या पोहणाऱ्या मुलामुलींना शोधून घेऊन जातात, त्यांची फी भरतात आणि चार वर्षं पोहायला लावतात, हे तिनंच कुठूनतरी वाचून काढलं होतं. सहा महिन्यांत तिनं या हॅलोरन नावाच्या कोचला नऊ ईमेल पाठवल्या. वेळा कळवल्या, व्हिडिओ पाठवले, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा दिल्या. एकाही ईमेलला उत्तर नाही. फक्त एक छापील फॉर्म आला, भरून पाठवा म्हणून. आणि आता तो या स्पर्धेत उतरलेल्या सिंगापूरच्या कुठल्याशा मुलाला बघायला पुण्यात आला होता. अक्षतानं त्याला फोटोवरून ओळखलं.

आता आमच्याकडं काम करायची एक पद्धत आहे. कागद पाठवून उपयोग होत नाही, माणसाला जाऊन भेटावं लागतं. तोंडओळख झाली, चहा झाला की कागद आपोआप हलतो. म्हणून मी तिला हाताला धरून वर आणलं. आणि हा गृहस्थ पाय पोटाशी घेऊन बसला होता.

“सर,” मी माझं इंग्रजी बाहेर काढलं, “वन मिनिट. धिस गर्ल. बॅकस्ट्रोक. व्हॉट मिस्टेक?”

“आय ॲम सॉरी. आय कान्ट.”

तो उठला. मी त्याची बाही धरली. हो, धरली. अक्षता “मॅडम!” म्हणून ओरडली ते अजून माझ्या कानात आहे.

“वन मिनिट!”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काकडणाऱ्या पोरीकडं. इकडंतिकडं नजर टाकली. आणि मग आमच्याकडं न बघता, समोरच्या पाण्याकडं बघत, भराभर काहीतरी बोलला. हातानं दाखवलंही. मला निम्मं कळलं, अक्षताला सगळं. बोलून झाल्यावर त्यानं वही मिटली, “जून फिफ्टीन” असं दोनदा म्हणाला आणि तरातरा पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.

“काय म्हणाला?”

“म्हणाले, झेंड्यांखालून गेल्यावर मी दोनदा मान वळवून भिंत बघते. बघायचं नसतं, मोजायचं असतं. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत किती हात मारावे लागतात ते पाठ करायचं. माझा एक सेकंद तिथंच जातो, म्हणाले.”

बॅकस्ट्रोकमध्ये पोहणारा पाठीवर असतो, त्याला भिंत दिसत नाही. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडं, तलावाच्या वर, छोट्या झेंड्यांची एक दोरी आडवी बांधलेली असते. डोळ्यांवरून झेंडे गेले की समजायचं, भिंत आली. आमच्या मंडळाच्या तलावावर ही दोरीच नव्हती. अक्षताचं डोकं दोन वेळा भिंतीवर आपटून टाके पडले होते, तेव्हापासून ती वळून बघायची. मी ते रोज बघत होते आणि मला त्यात काही चूक दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं परत येताना अक्षता खिडकीशी बसली होती. कराड गेलं तरी बाहेरच बघत होती.

“काय झालं गं? तिसरी आलीस ना? तोंड का सुतकी?”

“मॅडम, काल संध्याकाळी मी सायबर कॅफेत जाऊन वाचलं. त्यांचा नियम आहे. मुलगी दहावी संपवते, त्यानंतरच्या पंधरा जूनपर्यंत तिथल्या कोचनं तिच्याशी खेळाबद्दल बोलायचं नाही. तिच्या घरच्यांशी नाही, तिच्या कोचशी नाही. पत्राला उत्तर नाही, फोन नाही. लांब बसून नुसतं बघायचं. समोर आलंच तर नमस्कार करायचा आणि पुढं जायचं.”

“हा कसला नियम?”

“लहान पोरांच्या मागं लागू नये म्हणून. नाहीतर म्हणे दहा दहा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन बसायचे, आमच्याकडं या, आमच्याकडं या करत.”

“मग चांगलंच आहे की. आपल्या मागं कोण लागलंय? आपणच त्यांच्या मागं लागलोय.”

“तेच ना,” ती म्हणाली. “त्यांनी आपल्याशी बोलायचं नव्हतं. आपण बोलायला लावलं.”

“एक मिनिट तर होतं!”

ती परत खिडकीबाहेर बघायला लागली. ही मुलगी तोंडाला तोंड द्यायची नाही. ‘अक्षता, पन्नास लांब्या’ म्हटलं की तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास खेपा मारायची, मोजायला मी नसले तरी एक्कावन्न नाही आणि एकोणपन्नास नाही. मला वाटायचं, गरीब आहे.

तिचे वडील, आप्पासाहेब मगदूम, पिठाची गिरणी चालवायचे. बोलणं बेताचं. भुवयांवर कायम पीठ. पोरीनं झेंड्यांचं सांगितल्यावर त्यांनी मैद्याची जुनी कापडी पोती उसवली, लाल-पिवळ्या रंगात बुडवली, त्रिकोण कापले आणि बायकोच्या मशिनवर स्वतः बसून चोवीस झेंडे शिवले. रविवारी शिडी घेऊन आले आणि पाच मीटर टेपनं मोजून दोरी ताणून बांधली. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, कसला उत्सव आहे? मी म्हटलं, आहे एक.

अक्षताचे झेंड्यांपासून भिंतीपर्यंत बरोबर पाच हात बसायचे. ते तिनं आठवडाभरात अंगात मुरवलं. दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यातल्या राज्य स्पर्धेत तिनं एक मिनिट नऊ सेकंदांवरून एकदम एक मिनिट सातवर उडी मारली. पहिली आली. मी तलावाच्या कडेला नाचले, याला साक्षीदार आहेत.

आणि पंधरा जूनला, सकाळी आठच्या सुमाराला, गिरणीवर फोन वाजला आणि उचलताच बंद झाला. तिकडं तेव्हा चौदा तारखेची रात्र होती. त्या भल्या हॅलोरननं आपल्या घड्याळाप्रमाणं पंधरा तारीख उजाडेपर्यंत थांबून आमच्या संध्याकाळी स्वतः फोन केला आणि सांगितलं, सकाळचा फोन माझ्या मदतनिसानं चुकून केला, तिकडची पंधरा इकडं उजाडली नव्हती, म्हणून मी त्याला एक शब्द बोलू न देता ठेवायला लावला. आप्पासाहेब म्हणाले, “माणूस लईच काटेकोर हाय.” मला हसू आलं. तो एवढा काटेकोर का झाला होता ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. दर पंधरा दिवसांनी फोन, वेळा, अभ्यास, इंग्रजीची परीक्षा. बारावीच्या दिवाळीनंतर कॉलेजनं तिला घ्यायचं ठरवल्याचं पत्र पाठवलं. चार वर्षांची फी, राहणं, जेवण, सगळं. आम्ही गिरणीत पेढे वाटले. फक्त शेवटचा एक फॉर्म सही करून पाठवायचा राहिला होता.

तो फॉर्म घेऊन अक्षता संध्याकाळी मला गिरणीवर बोलवायला आली. मी पोचले तेव्हा पट्टा चालू होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. आप्पासाहेबांनी दळण अर्धवट ठेवून बटण बंद केलं. ते असं कधी करत नसत.

“मॅडम, हे बघा,” अक्षतानं कागदावर बोट ठेवलं. “सातवा प्रश्न.”

मी वाचलं, मग तिनं वाचून सांगितलं. ‘ठरलेल्या तारखेच्या आधी आमच्या कोणत्याही प्रशिक्षकाचं तुमच्याशी, तुमच्या पालकांशी किंवा तुमच्या प्रशिक्षकांशी खेळाबद्दल बोलणं झालं होतं का? होय की नाही? होय असेल तर काय, ते लिहा.’ खाली तीन रकाने. मुलगी, पालक, प्रशिक्षक. तिघांच्या सह्या.

“यात काय विचार करायचा? नाही वर खूण कर.”

“झालं होतं ना पण.”

“अगं, एक मिनिट! आणि तुझ्याशी कुठं बोलला तो? पाण्याकडं बघून बोलला.”

“तुमच्याशी बोलले. ‘तुमच्या प्रशिक्षकांशी’ असं लिहिलंय.”

“कुणी पाहिलं?”

“मी पाहिलं,” ती म्हणाली.

माझा आवाज चढला. काय काय बोलले ते सगळं आता लिहीत नाही, पण मुद्दा असा होता, की हातातोंडाशी आलेला घास आहे. होय लिहिलंस तर ती माणसं म्हणतील, नियम मोडून घेतलेली मुलगी आम्हाला नको. जागा गेली. जागा गेली की तू इथंच, आणि इथं राहिलीस की पुढच्या वर्षी पोहणं बंद. माझ्या अकरा पोरींचं झालं तेच. तिला ते माहीत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. “आणि त्या हॅलोरनचं काय? त्यानं दया येऊन तुला दोन शब्द सांगितले. त्या दोन शब्दांवर तू राज्यात पहिली आलीस. आता त्याच्याच पोटावर पाय देणार? त्याची नोकरी गेली तर?”

हे तिला लागलं. दळणाचे डबे घेऊन दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आमची तोंडं बघून परत गेल्या.

“मी त्यांना आधी कळवते, की मी होय लिहिणार आहे म्हणून,” ती शेवटी म्हणाली. “मॅडम, तुम्ही सांगाल तेवढ्या लांब्या मारीन. पण हे नाही लिहिणार.”

मी आप्पासाहेबांकडं वळले. “तुम्ही तरी सांगा हिला! तुमच्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

आप्पासाहेबांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. “मॅडम, तुमच्यापुढं मी काय बोलायचं. तुम्ही शिकलेल्या. मला इंग्लिश येत न्हाई. पण एवढं सांगा, बोलणं झालंच न्हवतं, तर मी ते झेंडं कशापायी शिवलो?”

उत्तर नसलं की मी काय करते ते गावाला ठाऊक आहे. मी चप्पल घातली आणि ताडताड निघून आले. सही केली नाही.

त्या संध्याकाळी मला स्वतःचं काही चुकलंय असं वाटत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. मला वाटत होतं, मूर्ख पोर आहे आणि बाप त्याहून मूर्ख. आपण यांच्यासाठी बावीस वर्षं पाण्याच्या कडेला उभं राहून घसा फोडला आणि हे एका मिनिटासाठी सगळं घालवणार. आदल्या वर्षापासून मी देव पाण्यात घालून बसले होते. ते बाहेर काढावेत असं वाटलं.

सकाळी साडेपाचला तलावावर गेले. ती येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आधीच पाण्यात होती. मी बाकावर बसून बघत राहिले. तिनं न सांगता साठ लांब्या मारल्या. दर खेपेला झेंडे आले की पाच हात, पालथी होऊन कोलांटी आणि भिंतीला पाय. एकदाही मान वळली नाही. भिंत कुठं आहे हे तिला बघायची गरजच उरली नव्हती. तो माणूस जे एका मिनिटात बोलला होता, ते तिच्या प्रत्येक लांबीत दिसत होतं, आणि मी तिला ते झालंच नाही असं लिहायला सांगत होते.

ती बाहेर आली, टॉवेल गुंडाळला आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला फॉर्म काढला.

“मॅडम, आज पाठवायची शेवटची तारीख. माझी सही झाली, आप्पांची झाली. तुमचा रकाना रिकामाच पाठवते. खाली लिहिते, की मॅडमना सही करायची नव्हती. तुम्ही मनाविरुद्ध करू नका.”

मनाविरुद्ध करू नका! सतरा वर्षांची पोर मला मोकळीक देत होती. मला इतका राग आला, इतका राग आला आणि मग लक्षात आलं, की तो राग तिच्यावर नाही.

“आण इकडं,” मी म्हटलं.

तिनं आपल्या रकान्यात स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलं होतं. स्पर्धा, तारीख, काय बोलणं झालं, त्याचा तिला काय फायदा झाला. माझं नाव मात्र कुठं नव्हतं. ‘आम्ही त्यांच्याकडे गेलो’ एवढंच. पाया पडायला मी लावलं, बाही मी धरली, यातलं काही नाही. मला वाचवून लिहिलं होतं.

मी पेन घेतलं. माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्ही ऐकलंच आहे. स्पेलिंग तिला विचारत विचारत लिहिलं. ‘होय. या गृहस्थांना मी अडवलं. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. मी त्यांचा शर्ट धरला आणि परत विचारलं. मुलगी नको नको म्हणत होती. चूक माझी आहे.’ खाली सही आणि मंडळाचा शिक्का. त्याआधी ‘चूक माझी आहे’ हे मी कधी कागदावर लिहिलं नव्हतं, तोंडानं तर नव्हतंच नव्हतं. वाटलं तितकं जड गेलं नाही.

अक्षतानं वाचलं. आणि तिथं, ओल्या फरशीवर, ती पटकन वाकून माझ्या पाया पडली. या वेळी मी तिला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तेवीस दिवस काही नाही. दर पंधरा दिवसांनी येणारा फोन थांबला. तिनं हॅलोरनला कळवलं होतं, त्याचंही उत्तर नाही. इकडच्या कॉलेजांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज सुटले, आप्पासाहेबांनी गपचूप एक आणून ठेवला. मी रोज पहाटे तलावावर यायचे ती धास्ती घेऊनच. मीच या पोरीचं वाटोळं केलं, पुण्याच्या त्या पायऱ्यांवर, असं मला वाटायचं. अक्षता मात्र रोज पोहत होती. विचारलं तर म्हणायची, “झालं ते झालं मॅडम. आज किती लांब्या?”

चोविसाव्या दिवशी फोन आला. मी, अक्षता आणि आप्पासाहेब गिरणीत फोनभोवती बसलो, फोनचा स्पीकर लावून. आधी एक बाई बोलल्या, त्या कॉलेजात हे नियम सांभाळायचं काम करणाऱ्या. अक्षता ऐकत होती आणि आमच्यासाठी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. नियम मोडला गेला आहे. तो किरकोळ असला तरी मोडलाच आहे. त्यात मुलीचा दोष दिसत नाही. जागा तिची आहे आणि तिचीच राहील. मात्र पोहण्यात तिला त्याचा फायदा झाला, हे तिनं स्वतःच लिहिलंय, म्हणून पहिल्या मोसमातल्या पहिल्या दोन स्पर्धांत तिला उतरता येणार नाही. संघाबरोबर जायचं, बसायचं. हॅलोरन यांनाही त्या दोन स्पर्धांत तलावाच्या कडेला उभं राहता येणार नाही, आणि वर्षभर नवी मुलं बघायला बाहेर जाता येणार नाही.

आप्पासाहेबांनी हात जोडले, फोनलाच.

मग हॅलोरन आला. अक्षता रडायला लागली आणि सॉरी सॉरी म्हणायला लागली. तो हळूहळू बोलत होता, मलासुद्धा कळेल असं.

“तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण काहीही लिहिलं असतं तरी काय भरायचं ते मी तुला सांगितल्यासारखं झालं असतं. आता सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात जाऊन मी हे स्वतः कळवायला हवं होतं. नियमच तसा आहे. कागद पुढ्यात घेतलाही होता. मग मनाला म्हटलं, एक मिनिट तर होतं. दोन वर्षं ते एक मिनिट माझ्या मानेवर बसलं होतं. तू उतरवलंस. थँक यू.”

एक मिनिट तर होतं. माझेच शब्द. पन्नाशीला आलेली मी आणि साठीला टेकलेला तो, जगाच्या दोन टोकांना दोन कोच, आणि दोघांनी एकच पळवाट काढलेली. ती बुजवायला पिठाच्या गिरणीतली एक पोर लागली. मला भरून आलं. मी ते लपवायला गेले आणि शिंकले, पिठामुळं. तिघंही हसलो.

अक्षता ऑगस्टमध्ये गेली. चार वर्षं पोहली, थांबली नाही. पुढं तिनं काय काय मिळवलं ते तिच्या आईच्या कपाटात आहे, कुणी गेलं की त्या दाखवतात. आता ती तिकडंच लहान मुलांना शिकवते.

माझ्याकडं तिचा एकच फोटो आहे. तिला फोन करून मीच मागवून घेतला. तलावावरच्या माझ्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा लावलाय. तिच्या पहिल्या मोसमातल्या पहिल्या स्पर्धेचा. संघातल्या मुली रांगेनं बाकावर बसल्यात, टोप्या घातलेल्या, अंगावरून पाणी गळतंय, कुणाच्या गळ्यात पदक. आणि अगदी कडेला आमची अक्षता, निळा टी-शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर, वेणी घातलेले कोरडे केस. ताठ बसलीय.

मुलीला शिकायला घालायला आलेले पालक तो फोटो बघतात आणि विचारतात, “मॅडम, ही तुमची ती अमेरिकेची मुलगी ना? यात कितवी आली?”

“यात ती पोहलीच नाही,” मी सांगते.

त्यांना कळत नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत राहतात. मग मी त्यांना खुर्ची देते, चहा सांगते आणि माझी चूक पहिल्यापासून सांगायला घेते.